अपेक्षाच्या सात स्लाइड

गंधारने मला न विचारता माझं नाव पुरस्कारासाठी धाडलं आणि ते निवडलंही गेलं. हिवताप, हत्तीरोग, डेंगी असल्या उष्ण प्रदेशांतल्या रोगांवर काम करणाऱ्यांची एक संघटना आहे. ती दर दोन वर्षांनी चांगल्या संशोधकाला नव्हे, तर चांगले संशोधक घडवणाऱ्याला मानपत्र देते. गंधार माझा जुना विद्यार्थी. हिवतापाचे जंतू मोजून कंटाळला आणि खराडीच्या एका आयटी कंपनीत हॉस्पिटलांची सॉफ्टवेअरं करायला गेला. सगळ्यांना मेल टाकला, अकरा जणांची पत्रं आली, नॉमिनेशन एकदम सॉलिड झालं, असं त्याने फोनवर ऐकवलं. आता नाही म्हणायची सोय नव्हती.

माझ्या हाताखाली काम केलेल्या कुणालाही विचारा, उल्काबाईंनी कधी कौतुक केलं का. 'बरं आहे' हे माझं सर्वांत मोठं प्रमाणपत्र. त्यामुळे अकरा पत्रं आली याचंच मला नवल वाटलं. पहिली दहा मी चहा पिता पिता वाचली. अकरावं वाचताना चहा तसाच राहिला.

ते अपेक्षाचं होतं. तिने लिहिलं होतं: 'माझ्या एका चुकीमुळे मॅडमनी मला काम थांबवायला सांगितलं. तेव्हा वाईट वाटलं. पण त्यामुळेच मी आज स्वतःच्या डोळ्यांवर आंधळा विश्वास ठेवत नाही. दरवर्षी पहिल्या दिवशी माझ्या विद्यार्थिनींना मी माझी ती चूक सांगते.'

चूक तिची नव्हती. माझी होती, आणि ते मला अकरा वर्षांपासून ठाऊक होतं.

अपेक्षा गडचिरोलीकडची. चौऱ्याण्णव साली ती माझ्याकडे पीएच.डी.ला होती. लहानपणी घरातल्या प्रत्येकाला हिवतापाने थरथरताना पाहिलेलं, त्यामुळे कामाला वाघ. आम्ही एक नवं औषध तपासत होतो. औषध घेतल्यावर सातव्या दिवशी, जंतू उरलेत का ते बघायला, रुग्णाच्या बोटातून रक्त घ्यायचं आणि दोन स्लाइड करायच्या. एक विद्यार्थ्याने बघायची, दुसरी मी. चाळीस रुग्णांपैकी सात जणांच्या रक्तात अपेक्षाला जंतू दिसले. मला एकाच्याही रक्तात दिसले नाहीत.

ती स्लाइडचा ट्रे घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, मॅडम, एकदा बघा ना. मी मान वर न करता सांगितलं, "मी माझ्या बघितल्या आहेत." महिन्याभरात तिने काम सोडलं. मी सोडायला लावलं, असं म्हणणं जास्त खरं. न बघता आकडे भरणारी मुलगी मला लॅबमध्ये नको, हे मी तिला चारचौघांत ऐकवलं होतं.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. आम्ही स्लाइड फेकत नसू. वापरलेल्या स्लाइड साबणाच्या पाण्यात भिजवायच्या, घासायच्या, पुसून पुन्हा वापरायच्या. ही शिस्त मीच लावलेली. सदाशिव पेठेत वाढलेल्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार? नव्या कोऱ्या स्लाइडचा डबा मात्र माझ्या कपाटात असे. तो माझ्यासाठी. पाहुण्यांचे कप वेगळे ठेवावेत, इतक्या सहज मी हे केलं होतं.

शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये गंधारचं तेच झालं. त्यालाही नको तिथे जंतू दिसले. फरक इतकाच की हा पोरगा हट्टी. सूक्ष्मदर्शक उचलून माझ्या टेबलावर ठेवला आणि मी डोळा लावेपर्यंत हलला नाही. जंतू होता, पण फिका. मला शंका आली. मी धुतलेली एक रिकामी स्लाइड घेतली, रक्ताचा थेंबही न लावता तिला रंग दिला आणि पाहिलं. कुणा जुन्या रुग्णाचे दोन जंतू तिथे चिकटून बसले होते. अपेक्षाने खोटं काही भरलं नव्हतं. तिला जे दिसलं तेच तिने लिहिलं होतं.

त्याच दिवशी मी स्लाइड धुणं बंद करवलं आणि सगळ्यांसाठी नवे डबे मागवले. का, ते कुणाला सांगितलं नाही. अपेक्षाला पत्र लिहायचं ठरवलं. मग मार्चअखेर आली, मग बदल्या झाल्या, मग ती नव्या आयुष्यात रमली असेल, असं मीच माझं समाधान करून घेतलं. दुसऱ्याची चूक दाखवताना मला कधी पत्राची गरज पडली नव्हती.

समारंभ शनिवारी होता. गुरुवारी मी वाघोलीला जाणाऱ्या बसमध्ये बसले. अपेक्षा तिथल्या एका कॉलेजात लॅब टेक्निशियनच्या कोर्सला शिकवत होती. येरवडा मागे पडेपर्यंत काय बोलायचं ते पाठ केलं, आणि पुढे नव्या इमारतींच्या रांगा बघत ते सगळं विसरले.

ती प्रयोगशाळेत एकटीच ट्रे लावत होती. केसांत पांढरं दिसू लागलेलं. मला बघून इतकी आनंदली की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. तिने वाकून नमस्कार केला, नवऱ्याचं, मुलीचं सांगितलं, पत्र बरोबर लिहिलं होतं ना, असंही विचारलं. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. धुतलेल्या स्लाइड, माझा डबा, गंधार, रिकाम्या काचेवरचे दोन जंतू.

तिने हातातला ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये."

"माझं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन सत्त्याण्णवच्या जूनपर्यंत चालू होतं, मॅडम."

मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ठाऊक होतं. त्या फॉर्मवर माझीच सही होती.

"तेव्हा मी गावीच होती," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पुण्याने घासून काढलेली तिची बोली एकदम परत आली. "बाबा रोज म्हणत, पुन्हा जाऊन पाय, विचारून पाय. मी म्हणत होती, कोणत्या तोंडानं जाऊ. काहून नाही सांगितलं, मॅडम?"

लाज वाटली म्हणून, मी म्हणाले. पुरस्कार नाकारते, असंही सांगितलं. त्यावर ती पहिल्यांदा चिडली. पुरस्कार घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, म्हणाली, त्याने माझं काय होणार आहे? मग घड्याळाकडे पाहून म्हणाली, "तीन वाजता बॅच आहे. त्या मुलींना मी माझी चूक सांगितली आहे. आता तुम्ही सांगा."

तीस मुली आल्या, अठरा-एकोणीस वर्षांच्या. मी सांगितलं. अपेक्षामॅडमची चूक नव्हती, माझी होती, आणि कळल्यावरही मी गप्प राहिले, हेही सांगितलं. मुली कधी माझ्याकडे बघत, कधी मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या अपेक्षाकडे.

पहिल्या बाकावरच्या राजनंदिनी नावाच्या मुलीने हात वर केला. "पण मॅडम, त्या ट्रे घेऊन आल्या होत्या ना? मग तुम्ही नुसतं बघितलं का नाही?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. स्लाइडना दोष दिला होता, साबणाला दिला होता, बजेटलाही दिला होता.

"ती गडचिरोलीहून आली होती," मी म्हणाले, "आणि मी पुण्याची. आमच्या दोघींत चुकणारी कोण, ते मी आधीच ठरवून टाकलं होतं."

समोरच्यांपैकी निम्म्या तरी मुली नांदेड, यवतमाळ, वाशीमकडच्या असाव्यात; त्यांना हे नवीन नसणार. मला रडू आलं आणि ते आवरलं नाही. अपेक्षा मागून पुढे आली. तिचेही डोळे भरले होते. स्वतःची खुर्ची ओढून तिने माझ्यामागे ठेवली आणि म्हणाली, "बसा, मॅडम."

तिने मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. मी बसले, आणि तिने मुलींना शिकवायला सुरुवात केली.