दीड कोटी टनांची ‘प्रलयंकर’

वैजयंती पिंपळखुटेला राग येतो, हे ड्रॉइंग ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. बारा वर्षं ती भोपाळच्या कारखान्यात ट्रेसर होती. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढायचं, तिनं त्यावर ट्रेसिंग पेपर पसरून शाईनं गिरवायचं. टर्बाइनची पाती, पंपांची पोटं, हजारो बोल्टांची भोकं. तिची रेघ कधी हलली नाही आणि तोंड कधी उघडलं नाही. “पिंपळखुटे मॅडम म्हणजे अगदी गाय,” असं साहेब लोक कौतुकानं म्हणत, आणि ती खाली मान घालून ऐकून घेई.

तिचे साहेब नीळकंठराव खानझोडे डेप्युटी मॅनेजर होते आणि इंद्रपुरी वसाहतीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्षही. एकोणऐंशी सालच्या दिवाळी अंकासाठी त्यांनी कादंबरी लिहिली होती. नाव ‘प्रलयंकर’. ऑगस्टातल्या एका दुपारी त्यांनी तिच्या टेबलावर कागदांची जाडजूड चळत ठेवली.

“अंकात मधलं घडीचं पान करायचंय. जहाजाचं चित्र. मी लिहिलंय तसंच, हुबेहूब हवं. एक रेघ कमी नको, एक जास्त नको. तुम्हाला काय, गिरवायचंच तर आहे.”

रविवारी सकाळी ती वाचायला बसली. तिचा नवरा गजानन शेजारी लसूण सोलत होता. घरात स्वयंपाक तोच करायचा. अकोल्याकडचा हा माणूस एकोणिसाव्या वर्षापर्यंत तळ्यापेक्षा मोठं पाणी न बघता नौदलात भरती झाला आणि पंधरा वर्षं जहाजांवर स्वयंपाकी होता. तिथून सुटल्यावर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये लागला.

“ऐका,” वैजयंती म्हणाली. “लांबी अडीच किलोमीटर.”

“किती?”

“अडीच किलोमीटर. रुंदी साठ मीटर, उंची ऐंशी. चारही बाजूंना, तळाला, वरती, सगळीकडे नऊ फूट जाड पोलाद.”

“म्हणजे आपल्या क्वार्टरपासून कारखान्याच्या फाटकाच्याही पुढं जाईल की हे. वळणार कुठं?”

“वळत नाही. शत्रूच समोर येतो.”

गजानन हसला. ती पुढं वाचत गेली. चार मजल्यांवर मिळून एकशे चव्वेचाळीस तोफा. मागं विमानांची धावपट्टी आणि तिच्या बरोब्बर मधोमध बुरूज, म्हणजे उतरणारं प्रत्येक विमान थेट बुरुजावर. कप्तान रणजितच्या दालनाला संगमरवरी सज्जा आणि झुंबर. एवढं करून मनात आलं की अख्खं जहाज पाणबुडी होऊन खाली जाई, अकरा धुराड्यांतून धूर काढत. वादळात झुंबर किणकिणत होतं, हे वाचल्यावर तर गजाननला ठसका लागला.

“अगं, वादळात आम्ही पातेली सळयांनी अडकवून ठेवायचो. तेल तापवायला बंदी. दोन-दोन दिवस नुसती खिचडी. आणि ह्यांचं झुंबर!”

मग सहावं प्रकरण आलं. जहाजाला भोक पडतं. पाणी आत येतं त्या खोलीत तीनशे खलाशी असतात. कप्तान रणजित बाहेरून दार बंद करायला लावतो. ‘तीनशे वीर हसत हसत जलसमाधीस गेले,’ एवढं एक वाक्य. पुढच्या ओळीत कप्तान सज्जात उभा राहून सूर्यास्त बघतो.

ती वाचायची थांबली. गजानन लसूण सोलत राहिला, पण आता हसत नव्हता.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या सभागृहात कादंबरीचं वाचन झालं. साठ-सत्तर माणसं होती. अंकाची संपादक मंगला देवपुजारी, टाउनशिपच्या शाळेत शिकवणारी, वाचनानंतर म्हणाली, “आपल्यात एक नौदलातले गृहस्थ आहेत. गजाननराव, दोन शब्द बोला ना.”

गजानन संकोचत उठला. “चांगलं आहे,” तो म्हणाला. “फक्त एक विचारू का, साहेब? जहाजावर वीस हजार माणसं आहेत म्हणता. त्यांचा स्वयंपाक कुठं होतो? भटारखाना कुठं आला नाही. आणि माफ करा, बायाबापड्या बसल्यात, पण संडासही नाही.”

कुणीतरी फिसकन हसलं. नीळकंठरावांनी चष्मा काढून पुसला. “गजाननराव, आम्ही महायुद्ध लिहितोय आणि तुमचं लक्ष पातेल्यात! ज्याला जे दिसतं ते दिसतं, तुमचा दोष नाही. पुढच्या आवृत्तीत खास तुमच्यासाठी एक कढई घालतो.”

सभागृह खदखदून हसलं. गजाननही हसला. हात जोडले आणि खाली बसला.

वैजयंतीच्या कानशिलात काहीतरी ठणकायला लागलं. लोक हसले ह्याचा राग होताच, पण नवरा हसला ह्याचा जास्त. घरी येईपर्यंत ती पुढं पुढं चालत राहिली. कुलूप काढता काढता म्हणाली, “तुम्ही का हसलात?”

“मग काय करू? साहेब आहेत तुझे.”

“माझे आहेत ना? तुमचे नाहीत. पंधरा वर्षं समुद्रावर होतात तुम्ही. तो माणूस भोपाळच्या तलावात नावेत बसला तरी काठ घट्ट धरून बसेल. आणि तुम्ही त्याला हात जोडता?”

गजाननानं चपला काढल्या. आत जाऊन त्यानं कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैजयंतीनं जेवणाचं टेबल रिकामं केलं, कागद ताणून बसवला आणि काम सुरू केलं. पण आधी हिशेब. रोज ड्रॉइंगच्या कोपऱ्यात वजनं लिहून लिहून पोलादाचं वजन तिला पाठ झालं होतं. चारही बाजू, तळ, वरचं छत. तिनं चार वेळा गुणाकार केला. नुसत्या कवचाचं वजन आलं दीड कोटी टन. आणि ते सबंध धूड काठोकाठ पाण्यात बुडवलं तरी बाजूला सारलं जाणारं पाणी भरत होतं फक्त एक कोटी वीस लाख टन. म्हणजे पहिली तोफ चढवायच्या आधी, पहिला खलाशी पाऊल ठेवायच्या आधी, ‘प्रलयंकर’ दगडासारखी तळाला जात होती. पाणबुडी होते हे साहेबांनी खरं लिहिलं होतं. वर येत नव्हती, एवढंच.

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. बारा वर्षं ह्याच माणसानं अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीसाठी तिची ट्रेसिंगं परत पाठवली होती.

साहेबांनी सांगितलं तसं हुबेहूब तिनं काढलं. एकशे चव्वेचाळीस तोफा मोजून, अकरा धुराडी, बुरुजाला अडवलेली धावपट्टी, सज्जा, झुंबरसुद्धा. फक्त जहाज जिथं असेल तिथं दाखवलं, समुद्राच्या तळाशी गाळात रुतलेलं. पाण्याची रेघ कागदाच्या पार वरच्या टोकाला. कोपऱ्यात वजनांचा तक्ता. ‘भटारखाना: नाही. संडास: नाही.’

सहाव्या प्रकरणातल्या खोलीचा छेद, म्हणजे भिंत कापून आतलं दिसेल असं चित्र, तिनं मोठ्या स्केलमध्ये वेगळा काढला आणि त्यात तीनशे माणसं काढली. एकेक. पूर्ण तीन संध्याकाळी गेल्या. ओळींनी उभी, ताठ.

शनिवारी गजानन चहा घेऊन आला आणि पहिल्यांदाच कागदावर वाकला. वरच्या चित्रावर त्याची नजर ठरली नाही. तो त्या खोलीकडं बघत राहिला.

“हे चुकलंय,” तो म्हणाला.

“काय चुकलंय? तीनशे आहेत. मोजा.”

“अशी ओळीत नसतात उभी. सगळी दाराशी असतात. एकावर एक.” त्यानं कपबशी खाली ठेवली. “आमच्या जहाजावर बॉयलरखोलीत आग लागली होती. दोनच पोरं होती आत. मी दहा मिनिटं आधी चहा देऊन आलो होतो. दार उघडलं तेव्हा दोघं दाराशीच होती. बाकी सगळी खोली रिकामी.”

बारा वर्षांच्या संसारात त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. वैजयंतीनं त्याच्याकडं पाहिलं. मग ब्लेड घेतलं आणि शाई खरवडून काढायला सुरुवात केली. तीनशेच्या तीनशे माणसं खरवडली. दोन दिवस बसून पुन्हा काढली. दाराशी.

चित्र पाहून मंगला आधी पोट धरून हसली. मग खालच्या छेदाशी आली आणि खुर्ची ओढून बसली. “हे मी एकटीनं नाही ठरवू शकत,” ती म्हणाली आणि तिनं नीळकंठरावांना मंडळाच्या खोलीत बोलावलं.

नीळकंठरावांनी कागद उलगडला. त्यांचे कान लाल झाले.

“हा काय चावटपणा आहे?”

“तुम्ही लिहिलंय तेच आहे, साहेब. एक रेघ जास्त नाही.”

“ही कादंबरी आहे! पंपाचं ड्रॉइंग नाही. कल्पनाशक्ती नावाची काही चीज असते.”

“असते ना. मग नीट वापरायची.” आपला आवाज एवढा मोठा आहे हे वैजयंतीला त्या क्षणी कळलं. “तोफा तुम्ही एकशे चव्वेचाळीस मोजल्यात. धुराडी अकरा. झुंबराच्या दिव्यांचासुद्धा आकडा दिलाय. आणि माणसं तीनशे? दोनशे नव्याण्णव का नाहीत? एकाचं तरी नाव आहे? हसत हसत मेली म्हणता. कुणाला पाहिलंय तुम्ही तसं मरताना? माझा नवरा विचारत होता त्यांना जेवायला कोण घालतं, आणि तुम्ही त्याला कढई दाखवलीत!”

“मॅडम, ट्रेसरनं ट्रेस करावं.”

“केलंय. समोर आहे तुमच्या.”

मंगला मध्ये पडायला गेली, पण नीळकंठराव उठून गेले होते. अंक निघाला तेव्हा मधल्या पानावर महाराणा प्रताप नगरातल्या एका बोर्ड रंगवणाऱ्याचं चित्र होतं. लाल आकाश, विजा आणि सज्जातला कप्तान. छान छापलं होतं.

प्रकाशनाच्या दिवशी सभागृहाबाहेरच्या फलकावर वैजयंतीनं आपलं चित्र चार टाचण्यांनी लावलं. आत भाषणं सुरू व्हायच्या आधीच बाहेर गर्दी जमली. कारखान्यातली माणसं ती, वजनाचा तक्ता वाचता येणारी. एक फिटर मोठ्यानं म्हणाला, “अरे, ये तो पानी में उतरते ही गई!” हशा उसळला. मग माणसं छेदापाशी यायची आणि हसणं तिथं थांबायचं.

नीळकंठराव बाहेर आले. “काढा ते,” ते शिपायाला म्हणाले.

शिपाई पुढं झाला. फलकासमोर गजानन येऊन उभा राहिला होता. इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागं.

“राहू द्या, साहेब,” तो म्हणाला.

“गजाननराव, बाजूला व्हा.”

“नाही होणार.”

एवढंच. तो ओरडला नाही, पण ह्या खेपेला हसलाही नाही. शिपायानं साहेबांकडं पाहिलं, मग गजाननकडं, आणि बिडी पेटवायला लांब गेला. नीळकंठराव आत गेले आणि त्यांचं भाषण अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढं झालं.

चित्र तीन दिवस राहिलं, मग कुणीतरी फाडून नेलं. मंडळाच्या कमिटीचं पत्र आलं, की अध्यक्षांच्या साहित्यकृतीची विटंबना केल्याबद्दल लेखी माफी मागावी, अन्यथा सभासदत्व रद्द. वैजयंतीनं उत्तर लिहिलं, ड्रॉइंगवरच्या सुबक अक्षरांत:

‘माझ्या हिशेबात एक चूक झाली आहे. मी गोड्या पाण्याचं वजन धरलं होतं. समुद्राचं पाणी खारं, म्हणून थोडं जड. त्यामुळे जहाज मी दाखवल्यापेक्षा किंचित हळू बुडेल. ह्या चुकीबद्दल मी माफी मागते.’

सभासदत्व गेलं. ऑफिसात तिची ट्रेसिंगं आता लाल खुणांनी भरून परत येऊ लागली. ज्या खुणा बरोबर होत्या त्या ती दुरुस्त करी. ज्या चुकीच्या होत्या, त्यांच्यापुढं ‘चूक नाही’ असं लिहून, खाली सही करून, कागद साहेबांच्या केबिनमध्ये स्वतः नेऊन ठेवी. तिला गाय म्हणणं मात्र सगळ्यांनी बंद केलं.