भिंतीला आलेला कल

मी एक जुना ओळंबा आहे. वजन पाऊण किलो, अंग पितळेचं, टोक पोलादी आणि स्वभाव सरळ. आपणच आपली स्तुती करू नये म्हणतात, पण मित्रांनो, सरळपणा हाच माझा धंदा असल्यामुळे तो सांगायला मला लाज वाटत नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. गवंडी माझी दोरी भिंतीच्या माथ्याशी धरतो आणि मला खाली सोडतो. दोरीत एक लाकडी चकती ओवलेली असते. ती वर भिंतीला टेकली आणि मी खाली भिंतीला नुसता शिवलो, की भिंत सरळ. मी भिंतीपासून दूर लोंबायला लागलो, तर भिंत पुढे झुकली. मराठीत त्याला म्हणतात, भिंतीला कल आला. हा 'कल' शब्द तेवढा लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा त्यानेच केला.

माझा जन्म लखनौच्या एका कारखान्यात, लेथवर झाला. मला करून घेणारे शरदराव मूळचे सांगलीचे आणि रेल्वेत इंजिनीअर. त्यांनी मला 'ओळंबा' म्हणून हातात घेतलं आणि तासाभराने मिस्त्रीने 'साहुल' म्हणून हाक मारली. पहिल्याच दिवशी मला दोन नावं मिळाली आणि मी दोन्हींना ओ देऊ लागलो. आम्ही दोघांनी पूल बांधले, फलाट बांधले, सिग्नलच्या केबिनी बांधल्या. एकदा एका पुलाचा खांब सूतभर बाहेर गेला होता. सगळे म्हणाले, एवढं चालतं. शरदरावांनी मला सोडलं, वाकून पाहिलं आणि दोन थर उतरवायला लावले. तेव्हा म्हातारा मिस्त्री हसून म्हणाला होता, "साहब का साहुल किसी का रिश्तेदार नहीं।" इतकं सुंदर प्रशस्तिपत्र मला पुन्हा मिळालं नाही.

मग शरदराव निवृत्त झाले आणि लखनौच्याच महानगर नावाच्या वस्तीतल्या आपल्या बैठ्या घरात राहू लागले. मी कपाटाच्या खणात गेलो. तिथून कागदांवरचं वजन झालो. नात मुक्ता लहान असताना मला लट्टू, म्हणजे भोवरा, समजून फरशीवर फिरवायची, त्यात माझं टोक किंचित वाकलं. शेवटी तर न्हाणीघराच्या खिडकीचा पडदा उडू नये म्हणून मला त्याच्या टोकाला बांधलं. पूल मोजणारा मी, पडदा सांभाळू लागलो. फार वाईट वाटायचं, मित्रांनो. पण लोंबणं एवढंच माझ्या हाती होतं आणि ते मी तिथेही सरळच लोंबलो.

दोन वर्षांपूर्वी शरदरावांना अर्धांगाचा झटका आला. चालणं परत आलं, पण उजवा हात कापत राहिला. जन्मभर मिस्त्र्यांशी फडाफडा बोललेलं हिंदी जिभेवरून पार उतरलं. मराठी राहिली, तीही तुटक. त्यांचा मुलगा विनय रेल्वेतच, महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर. घर सांभाळायची सून वसुधा. ती वनस्पतिशास्त्रज्ञ, एका संशोधन संस्थेत काम करणारी. वीस वर्षांत तिचं हिंदी बाजारापुरतं आणि प्रयोगशाळेपुरतं चांगलं झालं होतं. भिंत कलण्याचा प्रसंग मात्र तिच्यावर कधी आला नव्हता.

तो या जानेवारीत आला. मागच्या अंगणाची भिंत पुरुषभर उंचीची. तिच्या पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर कुणीतरी मातीचा भराव टाकून ठेवला होता. अलीकडे, भिंतीला लागूनच मुक्ताची खाट. ती दहावीला होती आणि लखनौची थंडी म्हणजे ऊन सापडेल तिथे माणसाने जाऊन बसायचं. सकाळी दहापासून ती भिंतीला पाठ टेकून अभ्यास करायची.

शरदराव खुर्चीतून त्या भिंतीकडे बघत राहायचे. एके दिवशी म्हणाले, "वसुधा, भिंतीला कल आहे. पोर... उठव तिथून."

"आप्पा, मला तर सरळच दिसतेय," वसुधा म्हणाली. "पण घराचं काम काढायचंच आहे. ठेकेदाराला दाखवते."

ठेकेदार आला तो आदेश भैया. इस्त्रीचा शर्ट, दोन मोबाईल आणि त्यात चकचकीत घरांचे फोटो. शरदरावांनी खूण करून मला न्हाणीघरातून मागवलं. किती वर्षांनी त्यांचा हात लागला! त्यांनी दोरी भिंतीशी धरली, पण हात थरथरत होता. मी डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, गोल गोल फिरलो. काही केल्या ठरेना.

"अरे वाह, दादाजी का लट्टू तो नाच रहा है!" आदेश हसला.

शरदरावांनी मला खिशात टाकलं. मी आयुष्यात इतका शरमलो नव्हतो.

वसुधाला सासऱ्यांचं मन मोडवेना. ती ठामपणे म्हणाली, "भैया, हमारे ससुरजी कह रहे हैं, दीवार में कल आया है।"

"हाँ जी मैडम, कल आएगा। आदमी कल आ जाएगा।"

"आएगा नहीं, आया है!"

"अच्छा, आया था? हम नहीं भेजे थे। कल पक्का भेजेंगे।"

आता हसू येतं, पण तेव्हा कुणालाच काही कळलं नाही. वसुधाला वाटलं, याला समजलं. आदेशला वाटलं, बाईंना उद्याची घाई आहे. आणि मग सुरू झाला त्याचा 'कल'. रोज फोन केला की "बस मैडम, कल." नऊ दिवस तो उद्या उगवला नाही. शरदराव रोज भिंतीकडे बोट दाखवून म्हणत, "कल... कल," आणि वसुधा कावून म्हणे, "हो आप्पा, तोही तेच म्हणतोय!" म्हातारा माणूस डोळे मिटून घ्यायचा. आपलं बोलणं या घरात कुणाला उमगत नाही, हे दुःख त्या तोंडावर स्पष्ट दिसायचं.

दहाव्या दिवशी आदेशची माणसं गिलाव्याचं सामान घेऊन आली. शरदराव काठी टेकत मध्ये उभे राहिले. "नाही. कल आहे."

"दादाजी, कल नहीं, आज ही कर रहे हैं," आदेश कौतुकाने म्हणाला.

खाटेवरची मुक्ता पुस्तक मिटून ताडकन उठली. तिला मराठी सगळी समजे, उत्तर मात्र हिंदीत येई. "मम्मी, रुको! आजोबा 'कल' मतलब टुमॉरो नहीं बोल रहे। वो मराठी वाला कल है। झुकाव! दीवार झुकी हुई है!"

मुक्ताने आजोबांच्या खिशातून मला काढलं; त्या दिवसापासून मी तिथेच होतो. लहानपणी मला फिरवणारी हीच ती. पण तिने दोरी हाताने धरली नाही. भिंतीच्या माथ्याशी कपड्यांच्या दोरीचा खिळा होता, त्याला तिने माझी दोरी गुंडाळली, चकती भिंतीला टेकवली आणि मला सोडलं. मी दोन हेलकावे घेतले आणि थांबलो. अगदी निश्चल. माझ्यात आणि भिंतीत तीन बोटं अंतर होतं.

"आजोबा सही थे," मुक्ता हळूच म्हणाली. मित्रांनो, पुलाच्या खांबापेक्षाही मला त्या क्षणाचा अभिमान आहे.

आदेशने मात्र हात झटकले. "पुरानी दीवार में थोड़ा-बहुत चलता है मैडम। पुट्टी-पेंट में सब छिप जाएगा।"

"छिपाना नहीं है, भैया," वसुधा म्हणाली. "सामान उठा लीजिए।" मग ती सासऱ्यांपुढे बसली. "आप्पा, चुकले मी. आता माणूस तुम्ही निवडायचा."

शरदराव कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "ओळंबा... टेबलावर ठेव. बघू, कोण हात लावतो."

अशी माझी नेमणूक चहाच्या कपांशेजारी झाली. पहिल्या ठेकेदाराने मला उचलून विचारलं, "एंटीक है? बेचेंगे?" दुसऱ्याने माझ्याखाली आपलं कार्ड ठेवलं. मग वसुधाने जवळच्या कपूरथला चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानदाराला विचारलं की काम संपल्यावर उरलेलं सिमेंट परत आणून देणारा कुणी आहे का. तो म्हणाला, असा एकच आहे, शहराच्या कडेच्या चिनहटचे मुनव्वर मियाँ.

मुनव्वर मियाँ सायकलवरून आले. चहा घेण्याआधी त्यांनी मला उचललं, टोकावर अंगठा फिरवला. "नोक ज़रा मुड़ी है, मगर चीज़ उम्दा है। किसका साहुल है?"

मुक्ताने आजोबांकडे बोट दाखवलं. त्यांनी शरदरावांना अदबीने सलाम केला आणि तडक मागच्या अंगणात गेले. मला चार ठिकाणी सोडलं, भिंतीवर चढून पलीकडचा भराव पाहिला आणि खाली उतरून पहिली गोष्ट कोणती केली असेल? मुक्ताची खाट स्वतः ओढून दूर नेली.

"बिटिया, अब इधर कोई नहीं बैठेगा। मैडम, उधर की मिट्टी धक्का दे रही है। पहले मिट्टी हटेगी, फिर दीवार उतरेगी, तब नई बनेगी। कोई कहे कि प्लास्टर से हो जाएगा, तो मानिएगा मत। हम भी कहें, तो हमारी भी मत मानिएगा।"

वसुधा एकदा पोळली होती. तिने विचारलं, "आपके काम के फोटो हैं?"

"फोटो में तो सबका काम सीधा होता है। और नया काम भी सबका अच्छा दिखता है। आप हमारा छह साल पुराना काम देखिए।" आणि त्यांनी तीन गल्ल्यांपलीकडच्या एका घराचा पत्ता दिला.

वसुधा मला पर्समध्ये, किल्ल्या आणि कोथिंबिरीच्या जुडीशेजारी घालून तिथे घेऊन गेली. घरमालकीण बाई चकित होऊन बघत राहिल्या आणि वसुधाने त्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर मला सोडलं. सहा उन्हाळे आणि सहा पावसाळे काढलेली ती भिंत. मी खाली गेलो आणि तिला अलगद शिवलो. मला इतका आनंद झाला की मला जीभ असती तर मी ओरडलोच असतो.

काम सुरू झालं. पलीकडच्या प्लॉटचा मालक आधी कुरकुरला. मुनव्वर मियाँनी त्याला बोलावून माझ्यासमोर उभं केलं, ती तीन बोटं दाखवली आणि तो माती हटवायला तयार झाला. भिंतीसमोर अंगणात दोरी बांधून त्यांनी सगळ्यांना तिच्या पलीकडे जायला बंदी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, माणसं चहाला बसलेली असताना, भिंतीचा मधला तुकडा कुणीही न ढकलता धाडकन अंगणात कोसळला. विटा जिथे पडल्या, तिथे आठ दिवसांपूर्वी मुक्ताची खाट होती.

वसुधाने मुक्ताला घट्ट धरलं आणि ती रडली. शरदरावांचा कापरा हात नातीच्या डोक्यावर किती वेळ तरी होता.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. दर थराला मला बोलावणं यायचं. मुनव्वर मियाँनी कानसीने माझं वाकडं टोक सरळ केलं, नवी दोरी ओवली. पलीकडचं पाणी साचू नये म्हणून भिंतीत खाली भोकं ठेवली. जेव्हा जे सांगितलं, तेव्हा ते झालं. एक दिवस येणं जमणार नव्हतं, तर तसं आदल्या संध्याकाळीच कळवलं.

शेवटची वीट बसली तेव्हा मुनव्वर मियाँ मला घेऊन शरदरावांकडे आले. "साहब, पास-फ़ेल आप करेंगे।"

"हात... कापतो," शरदराव म्हणाले.

मियाँना मराठी कळली नाही, पण हात कळला. त्यांनी आपला सिमेंटने खरखरीत झालेला पंजा त्या कापऱ्या हाताखाली धरला. दोन म्हाताऱ्या हातांनी मिळून मला सोडलं. मी खाली उतरलो, एकदाही डुललो नाही आणि नव्या भिंतीला शिवून उभा राहिलो. मध्ये केसभरही अंतर नव्हतं.

मुक्ताने एव्हाना 'कल'चा किस्सा मियाँना रंगवून सांगितला होता. त्यांनी गंभीर चेहरा करून विचारलं, "फ़रमाइए साहब, दीवार में कल है?"

शरदरावांनी वाकून पाहिलं. पुलाच्या खांबापाशी वाकत, तसंच. मग ताठ उभे राहिले आणि दोन वर्षांत न निघालेलं हिंदी त्यांच्या तोंडून खणखणीत बाहेर पडलं, "नहीं है! आज है, कल नहीं है!"

सगळं अंगण हसलं. मुक्ताने तर टाळ्याच पिटल्या.

आता मी न्हाणीघरात नसतो. नव्या भिंतीवर माझ्यासाठी एक खिळा आहे आणि तिच्यासमोर मुक्ताची खाट पुन्हा उन्हात आली आहे. मित्रांनो, एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस एखाद्या भिंतीकडे बोट दाखवून तोच तो शब्द पुन्हा पुन्हा बोलत असेल, तर हसू नका. उठा, खणातून ओळंबा काढा आणि भिंतीशी सोडून बघा. मी कुणाचा नातेवाईक नाही, पण त्या माणसाच्या बाजूने मी नक्की बोलेन.