निळ्यात हिरवा

"परत निळ्यात हिरवा," लंबू चादरीच्या घडीआडून पुटपुटला. "आता मुलींचा अभ्रा माझ्या उशीवर येणार. अभ्रा त्यांचा, बदनामी माझी."

"हळू बोल," चिमटी म्हणाली. "मावशींचे कान तिखट आहेत."

यापुढचं वाक्य तिनं गिळलं. धुलाईघरात ते सगळेच गिळत.

या कॉलेजात कुणी स्वयंपाकघरात भांडी घासे, कुणी वाचनालयात पुस्तकं लावे, कुणी बागेत खुरपं धरी. आठवड्याचे पंधरा तास काम केलं की फी निम्मी. चिमटीच्या वाट्याला धुलाईघर आलं होतं. कपड्यांचे चिमटे बाहीला अडकवून फिरायची सवय लागली आणि खरं नाव मागे पडलं. उरलेली निम्मी फी तिची आई शिवणकामावर भागवे. पुरी भागवायची तर शिवणयंत्रच विकावं लागलं असतं, आणि मग निम्मीसुद्धा भागली नसती.

धुलाईघर मावशींचं. बावीस वर्षं. चादर असो, अभ्रा असो, पांढरा कोट असो, प्रत्येकाच्या कोपऱ्यात धाग्याची खूण: मुलांचा निळा, मुलींचा हिरवा, स्वयंपाकघराचा लाल, प्रयोगशाळेचा काळा. मावशी चालता चालता कोपरा बघून ढीग लावत. नाक तर असं, की चादर हातात घेऊन सांगत, "हा पलंगावर बसून खातो."

सहा महिन्यांपूर्वी ढिगांत भेसळ सुरू झाली. आधी लंबूनं गुपचूप निस्तरली. मग पोरांनी एक युक्ती काढली, ठरवून नव्हे, आपोआपच. उत्तर प्रश्नातच घालायचं.

"मावशी, हे लाल आहेत, लालमध्येच टाकू ना?"

"टाक की. त्यात विचारायचं काय?"

झाकली मूठ. कारण मावशी गेल्या तर धुलाई बाहेर कंत्राटावर जाणार, हे ऑफिसातल्या शिपायानं सांगितलं होतं. बाकी कुठल्याच विभागात जागा नव्हती. म्हणजे इथल्या बारा जणांचे तास गेले, आणि तासांबरोबर सवलत. सगळे मावशींवरच्या मायेनं गप्प होते आणि फीच्या धास्तीनंही. कशानं किती, हे कुणी स्वतःला विचारत नव्हतं.

पण मागच्या आठवड्यात रसायनशास्त्राच्या सरांनी वर्गात खिशात हात घातला आणि खडूऐवजी चमचा बाहेर आला. स्वयंपाकघराचा कोट. वर्ग हसला, सर चिडले, तक्रारीचा अर्ज गेला. आज व्यवस्थापक तपासायला येणार होते. त्यात चिमटीचं मनगट ठणकत होतं.

ते सोमवारचं. झाकणाच्या मोठ्या इस्त्रीवर मुलांनी चादर पसरायची, हात काढायचा, मावशींनी बघून झाकण पाडायचं आणि वाफ सोडायची, असा नियम. वाफेच्या चावीला मुलांनी हात लावायचा नाही, कारण मावशी नीट बघतात. सोमवारी पांढऱ्या चादरीवर चिमटीची पांढरी बाही होती आणि झाकण खाली आलं. हात तिनं हिसडून काढला, ओठ चावला आणि गेली तीन रात्री कुशीखाली हात न घेता झोपली. दाखवला असता तर हात दाखवून अवलक्षण, तेही बारा जणांचं.

"मलमाचा वास येतोय," मावशी मंगळवारीच म्हणाल्या होत्या.

"पाठ धरलीये, मावशी."

"विसाव्या वर्षी? लवकर धरली."

आणि त्या इस्त्रीकडे वळल्या.

व्यवस्थापक अकराला आले. माणूस वाईट नव्हता. हातात कागद असला की माणसं जरा ताठ होतात, तेवढंच. ढिगांमधून फिरले. ढीग लंबूनं पहाटेच येऊन निवडले होते, चूक सापडेना. तेही सुटल्यासारखे दिसले. जाता जाता त्यांनी टोपलीतून एक न निवडलेली चादर उचलली.

"मावशी, ही कुठं जाणार?"

चिमटी पुढे झाली. "हिरवा धागा आहे, मावशी, मुलींच्यातच ठेवते ना?"

"मी त्यांना विचारलं," व्यवस्थापक म्हणाले.

लंबू उगाच खोकला. इस्त्री सुस्कारा टाकून थांबली. चिमटीच्या डोळ्यांपुढे आईचं शिवणयंत्र आलं, दाराबाहेर, कुणाच्या तरी हातगाडीवर. आता मावशींनी फक्त 'मुलींची' एवढंच म्हणायचं होतं. उत्तर दिलेलं होतं. म्हणा ना मावशी.

मावशींनी चादर घेतली. कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ लावत घडी घातली. घडी अशी बसली की एक सूत इकडचं तिकडं नाही. ती टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "चिमटे, इकडे ये."

चिमटी गेली. मावशींचा हात हवेत थोडा चुकला, मग तिचा दंड सापडला. दंडावरून खाली येत त्यांनी बाहीवरचे चिमटे एकेक काढले आणि बाही वर सारली.

"मावशी, नको," चिमटी म्हणाली. "साहेब, हे घरी झालंय."

"वसतिगृहात राहतेस तू," मावशी म्हणाल्या. "खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं."

व्यवस्थापकांनी मनगट पाहिलं. फोड फुटून कातडी ओली झाली होती. त्यांनी हातातला कागद खाली केला.

"सोमवारी झाकण पाडलं तेव्हा चादरीला हिसका बसला," मावशी म्हणाल्या. "मी म्हटलं, वाफेनं हलली असेल. मग मलमाचा वास आला. तरी तीन दिवस मी म्हणत राहिले, पाठच धरली असेल पोरीची." त्यांनी बाही हळूच खाली केली, चिमटे पुन्हा जागच्या जागी लावले. "सहा महिने ही पोरं मला प्रश्नातून उत्तरं देतायत, साहेब. मी घेत आले. आत्ताचंही घेतलं असतं."

मावशींनी टेबलावरची घडी चाचपून साहेबांपुढे सरकवली.

"मला दिसत नाही."