पादत्राणे बाहेर काढावीत

माणसाचं काम हीच परमेश्वराची सेवा, ही श्रद्धा ज्या समाजाच्या हाडीमाशी मुरली तिथंच उद्योगधंद्यांनी मूळ धरलं आणि भांडवलाचा वृक्ष फोफावला, असं जगभरातल्या विद्वानांचं मत आहे. कोरेगाव भीमाच्या हौसराव शेठकडे आधी हायवेला लागून असलेल्या जमिनीचे पैसे आले, मग बँकेचं कर्ज, मग विजेचं कनेक्शन, मग लुधियानाहून सेकंडहँड पॉवर प्रेस. श्रद्धा सगळ्यात शेवटी आली, आणि तीही बुटांचा खर्च समोर आला म्हणून.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. गाड्यांना लागणारे लोखंडी ब्रॅकेट तिथं दाबून निघत आणि पुण्याच्या एका मोठ्या कंपनीकडे जात. शहाण्णव साली, दसऱ्याच्या थोडं आधी, अयुब हौसरावच्या केबिनमध्ये गेला. अयुब शिरूरचा. प्रेसमध्ये लोखंडी साचे, म्हणजे डाय, बसवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि तो नोकरीत कायम झालेला असल्यामुळं त्याला तोंड उघडायची सवय होती.

“शेठ, पोरांना सेफ्टी बूट पायजेत. खाली पत्र्याचे काप पडत्यात. काल एकाचा तळवा उसवला.”

“बघू,” हौसराव म्हणाला.

हे ‘बघू’ कारखान्यात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. त्याच्यापुढं कुठलाच विषय कधी गेला नव्हता.

दसऱ्याला मशिनी पुसून काढल्या, झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हारी नावाचा नवा हेल्पर शटरपाशी आला आणि वहाणा काढून आत शिरला. मल्हारी केंदूरचा. वडिलांपर्यंत मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारं घर. आता थोडी जिरायत राहिली होती. उरलेली मेंढरं चुलतभावाच्या गळ्यात घालून तो महिन्यापूर्वीच कामाला लागला होता.

“काय रं, वहाण तुटली का?” अयुबनं विचारलं.

“न्हाई. देवावर अजून फुलं हायती.”

“दसरा काल झाला, बाबा.”

“काल पूजा केली आन् आज उठून देव गेला का लगीच?”

अयुबनं थोडा विचार केला. तो स्वतः दर शुक्रवारी मशिदीच्या पायरीवर चप्पल काढून, बाहेर येताना ती सापडेल या भरवशावर आत जाणारा माणूस होता. त्यामुळं या मुद्द्यावर त्याला फार बोलता येईना. “पायाखाली बघून चाल म्हंजी झालं,” एवढंच तो म्हणाला.

केबिनच्या काचेतून हौसरावनं हे बघितलं. हौसराव मुळातच भाविक. फक्त तोवर त्याचा भाविकपणा कामाशिवाय पडून होता.

आठवडाभरात शिक्रापूरचा पेंटर येऊन शटरवरच्या भिंतीवर लिहून गेला: ‘हा कारखाना नसून मंदिर आहे. पादत्राणे बाहेर काढावीत.’ शेजारी भंगारातल्या अँगलचा चपला ठेवायचा स्टँड उभा राहिला. हौसरावनं अयुबला मुद्दाम बोलावून बोर्ड दाखवला.

“आता देवळात बूट घालून जायचं म्हणतो का तू?”

“माझं काय म्हणनं न्हाई शेठ. फकस्त हे देऊळ हाय ते पत्र्याला कुणीतरी सांगाया पायजे.”

पत्र्याला कोणी सांगितलं नाही. काप लागत राहिले, आणि त्यावर हळद दाबली जाऊ लागली. देवाची हळद आणि टाचेची हळद एकाच डबीतली होती, त्यामुळं तोही खर्च वाढला नाही.

देऊळ म्हटल्यावर पुढचं आपोआप येत गेलं. हौसरावचं आजोळ दौंड तालुक्यातलं, केडगावच्या अलीकडचं. लहानपणी मामाबरोबर तो केडगावच्या, निराधार बायकांच्या ख्रिस्ती मिशनात दूध घालायला जाई. घंटा झाली की प्रार्थना, प्रार्थना झाली की बायका निमूट आपापल्या कामाला, हे त्यानं फाटकातून बघितलं होतं. त्या बायकांना तिथं छप्पर, जेवण आणि औषधपाणी मिळायचं, हे फाटकातून दिसलं नसावं. त्यानं घंटा तेवढी उचलली. सकाळी आठला घंटा, मग प्रेससमोर हात जोडून उभं राहणं, मग हौसरावचं दोन शब्दांचं बोलणं, जे कधीही दोन शब्दांचं नसे. ओव्हरटाइमला सेवा म्हणायचं ठरलं. रविवारची सुट्टी महिन्यातून एकदावर आली, कारण देवाला रविवारी भूक लागत नाही असं थोडंच आहे. अर्धा कप चहाला प्रसाद म्हणू लागले, आणि प्रसाद पोटभर मागत नसतात. पगाराचं नाव तेवढं बदललं नाही. आकडाही बदलला नाही.

काम मात्र वाढलं. हे खरं आहे, आणि विद्वानांच्या बाजूनं ते नोंदवलं पाहिजे.

मल्हारी आता प्रेस चालवू लागला होता. कोणी पाहुणा आला की हौसराव त्याला मल्हारीपुढं नेऊन उभा करायचा. “हा आमचा पहिला भक्त. यानं आमचे डोळे उघडले.” मल्हारीचा अनवाणी उभा असलेला फोटो केबिनमध्ये शेठच्या वडिलांच्या फोटोखाली लागला. मल्हारीला फोटोचं काही नव्हतं. त्याला कायम व्हायचं होतं. तीन वर्षं तो टेम्परवारी होता. दर काही महिन्यांनी त्याला आठ दिवस घरी बसवत आणि पुन्हा नवा माणूस म्हणून घेत. कायम होण्यासाठीच त्यानं मेंढरं सोडली होती, आणि मेंढरं परत मागता येत नव्हती, कारण चुलतभावानं ती विकून मोटरसायकल घेतली होती.

एकदा त्यानं शेठपुढं विषय काढला.

“मल्हारी, तुला कायम करायचं माझ्या मनात पहिल्या दिवसापासून हाय,” हौसराव हळू आवाजात म्हणाला. “पण तू मागू नको. मागितलं की ती सेवा राहत न्हाई, मजुरी होती.”

मल्हारीला हे पटलं. घरी त्यानं बायकोला, गिताबाईला, ते जसंच्या तसं सांगितलं.

“आन् न मागता कवा देणार?”

“त्यांच्या मनात आलं की.”

“त्यांच्या मनात तर पहिल्या दिवसापास्नं हाय म्हणतासा,” गिताबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. “मनातच बसलंय जणू ठाण मांडून. आपली मेंढरं बरी व्हती. एकदा घरची झाली की मरस्तोवर कायम.”

नव्याण्णव साली पुण्याच्या मोठ्या कंपनीत परदेशी भागीदार आला. माल देणाऱ्या सगळ्या लहान कारखान्यांची तपासणी व्हायची ठरली, आणि यादीत पहिलाच प्रश्न होता की कामगारांच्या पायात सेफ्टी बूट आहेत का. ऑर्डर गेली तर देऊळ बंद. हौसरावनं एका रात्रीत धर्मसुधारणा केली. टेम्पोभर बूट आले, आणि सकाळच्या घंटेनंतर त्यानं सांगितलं की आजचा दिवस सगळ्यांनी ते घालायचे. बाकीच्यांनी ‘देव माफ करंल’ म्हणत पटापट नाड्या बांधल्या. काहींनी घरच्या वहाणांपेक्षा हे बरे म्हणून दोनदा चालून बघितलं.

मल्हारी अनवाणीच उभा राहिला.

“शेठ, मी न्हाई घालणार. तुम्हीच म्हणलाय, ह्ये देऊळ हाय.”

“आरं, आजच्या दिवस.”

“आजच्या दिवस देव कुठं जाणार शेठ?”

एवढ्या वर्षांत आपलं म्हणणं अक्षरशः खरं धरणारा माणूस आपल्याच शेडमध्ये आहे, हे हौसरावच्या तेव्हा लक्षात आलं, आणि ते फार अडचणीच्या दिवशी लक्षात आलं. त्यानं मल्हारीला स्टँडपाशी बाजूला घेतलं.

“तू बूट घाल. दिवाळी झाली की तुला कायम करतो. ह्या मशिनीची शपथ.”

मशिनीची शपथ म्हटल्यावर मल्हारीचा इलाज चालेना. तो प्रेसपाशी गेला, तिच्या लोखंडी पायाला हात लावून कपाळाला लावला, आणि बाकड्यावर बसून बूट चढवले. अयुबनं खाली बसून त्याच्या नाड्या बांधून दिल्या, कारण मल्हारीनं जन्मात कधी बुटाची नाडी बांधली नव्हती.

“कसं वाटतंय?”

“पाय कुणीतरी बांधून घातल्यावानी.”

“बुटाच्या पुढं आत लोखंडाची वाटी असती. काय पडलं तर बोटं वाचत्यात. काढू नको म्हणून सांगतो तुला. आज न्हाई, कवाच काढू नको.”

“अयुबभाई, तुम्ही मशिदीत घालून जाल का?”

“मशिदीत माझ्या पायावर डाय पडत न्हाई.”

तपासणीवाल्या साहेबांनी प्रेसवर काम करणाऱ्या मल्हारीचा बुटांसकट फोटो काढला आणि कारखाना पास केला. संध्याकाळी बूट गोळा होऊन कपाटात गेले, कपाटाला कुलूप लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला घंटा झाली. भिंतीवरचा बोर्ड तपासणीपुरता ताडपत्रीनं झाकला होता. तो पुन्हा उघडा केला.

दिवाळी झाली. हौसरावच्या मनात ती गोष्ट होतीच. मल्हारीनं मागितली नाही.

जानेवारीत एका दुपारी अयुब आणि मल्हारी ट्रॉलीवरून डाय आणत होते. खाली तेल सांडलेलं होतं. मल्हारीचा अनवाणी पाय सरकला, ट्रॉली कलली, आणि डायचा वरचा भाग घसरून त्याच्या उजव्या पावलावर उभा आदळला. अयुबनं दोन्ही हातांनी तो उचलायचा प्रयत्न केला, आणखी दोघं आले, तेव्हा निघाला. मल्हारी ओरडला नाही. त्यानं एवढंच विचारलं की मशिनीला काही लागलं का.

पुण्याला नेलं तोवर पायाची पाचही बोटं आणि पुढचं अर्धं पाऊल ठेवण्यासारखं राहिलं नव्हतं. डॉक्टर अयुबला म्हणाले, बूट असते तर बहुतेक एखाद्या बोटावर भागलं असतं. अयुबनं मान डोलावली. ही माहिती त्याला तीन वर्षांपासून होती.

तिसऱ्या दिवशी हौसराव मोसंबी घेऊन आला. खाटेच्या कडेला बसला, डोळे पुसले, आणि ते खोटं नव्हतं. मग त्यानं सांगितलं की कारखाने तपासणारे सरकारी साहेब येणार आहेत, ते विचारतील.

“तू खरं तेच सांग, मल्हारी. चप्पल काढायला तुला मी सांगितलं व्हतं का? पहिल्या दिवशी?”

“न्हाई शेठ. मी माझ्या मनानं काढली.”

“तेवढंच सांग. मग बाकीचं माझ्याकडं. चालायला लागलास की गेटवर खुर्ची टाकून देतो. बसून काम. अगदी कायमचं. आता तू न मागता देतोय बघ.”

गिताबाई पायथ्याशी उभी होती. “ह्ये आधी दिलं असतं तर अख्ख्या पायानं घेतलं असतं त्यांनी,” ती म्हणाली. हौसरावनं मोसंबी सोलायला घेतली.

चौकशीच्या दिवशी शटरवरची भिंत पांढरी होती आणि तिच्यावर ओल्या हिरव्या अक्षरांत ‘सुरक्षा हेच आमचे ब्रीद’ असं लिहिलेलं होतं. कपाटातले बूट स्टँडवर ओळीनं मांडले होते. केबिनमध्ये मल्हारीचा नवा फोटो होता, तपासणीच्या दिवशीचा, बूट घातलेला. जुना कुठं गेला ते कोणी विचारलं नाही. अयुबनं साहेबांना बोर्डाबद्दल सांगितलं, बूट मागितल्याचंही सांगितलं. साहेबांनी भिंतीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि अयुबचं पूर्ण नाव विचारून घेतलं.

“तुम्ही मुसलमान. हिंदू कामगारांच्या पूजेच्या पद्धती तुम्हाला नीट माहीत असायचं कारण नाही.”

“बरोबर हाय साहेब,” अयुब म्हणाला. “मी आपला बुटाबद्दल बोलत व्हतो.”

मग मल्हारीला कुबड्यांवर आत आणलं. बाहेर व्हरांड्यात अयुबनं त्याला अडवून सांगून बघितलं होतं: “बोर्ड व्हता एवढं बोल. तुझं बोलणं लिवून घेत्यात, माझं न्हाई.”

“बोर्ड नंतर लागला, अयुबभाई. वहाणा मी आधी काढल्या. देवाच्या दारात खोटं कसं बोलू?”

“आरं, हापिस हाय ते.”

“तुम्हाला हापिस.”

साहेबांनी विचारलं, “पायातले जोडे तुम्ही स्वतः काढले, की कोणी काढायला लावले?”

“मी काढले.”

“का?”

मल्हारीनं खिडकीतून शेडकडे बघितलं. आत प्रेस चालू होती. त्याच्या जागी पोपट नावाचा माणूस बसला होता, बूट घालून. कोणाला फारसा फरक पडलेला दिसत नव्हता, देवालाही.

“चूक झाली,” तो म्हणाला.

साहेबांनी लिहिलं की कामगारानं धार्मिक भावनेतून, दिलेली सुरक्षा साधनं स्वतःहून वापरली नाहीत. खाली मल्हारीचा अंगठा घेतला. तो हाताचा होता, त्यामुळं अडचण आली नाही.

त्या महिन्यापासून कारखान्यात बूट सक्तीचे झाले. घंटा राहिली, प्रसाद राहिला, सेवाही राहिली. अनवाणी कोणी आत जाणार नाही हे बघायला मात्र गेटवर माणूस लागला. होळीनंतर हौसरावनं शब्द पाळला. मल्हारीला खुर्ची मिळाली, निळा शर्ट मिळाला, शिट्टी मिळाली. उजव्या पायातल्या बुटात पुढं चिंध्या भरून तो दारात बसतो आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायांकडे बघतो. नवीन पोरं कधी विसरून चपला काढून आत जायला लागली, तर तो शिट्टी वाजवतो.

पहिल्या पगाराला गिताबाईनं हळदकुंकवाची डबी शोधली आणि त्याला विचारलं, “झालं ना आता कायम?”

मल्हारीनं पगाराचं पाकीट तिच्या हातात दिलं. त्याच्यावर पुण्याच्या एका सिक्युरिटी एजन्सीचं नाव छापलेलं होतं. गेटवरची माणसं एजन्सीची असतात.