बलभीमकाकांना हवी एंटरप्राइज

अणदूरच्या बलभीमकाकांना नव्या कोऱ्या वस्तूंची भारी हौस. ट्रॅक्टर नवा, मोबाइल नवा, मग पेढ्यांच्या कंपनीचा डेटाबेस तेवढा जुना का म्हणून? बिलं, खव्याचा साठा, गावोगावच्या ऑर्डरी असा सगळा संसार ज्या सॉफ्टवेअरमध्ये होता, ते फुकटातलं होतं आणि आता काठोकाठ भरलं होतं. दुपार झाली की ते मान टाकायचं आणि कंपनीतली एकुलती एक कॉम्प्युटरवाली निकिता त्याला उठवून बसवायची.

"समद्यात नवं आन् समद्यात मोठं घे," काका तिला म्हणाले. "एंटरप्राइज म्हनत्यात त्याला. नावातच रुबाब हाय."

पुण्याच्या एका फर्मच्या उत्कर्षनंही काकांना तेच सुचवलं होतं. फक्त एंटरप्राइज सांभाळायची तर सगळं काम त्याची माणसं पुण्यातून बघणार होती. हे ऐकून निकिता विचारात पडली. मग अणदुरात तिला काय काम उरणार? पुण्यात एका खोलीत तिघींनी राहून झालं होतं, मोठ्या हट्टानं ती गावी परतली होती. तिला पुन्हा ती खोली नको होती.

"काका, मला सोमवारपर्यंत वेळ द्या. मी नीट बघून सांगते."

"बघ की. पर हलकं कायतरी सांगू नगंस."

व्हर्जनचा निकाल लवकर लागला. अगदी नव्यावर त्यांचं बिलिंग अजून कुणी चालवून पाहिलं नव्हतं; त्याच्या आधीचं व्हर्जन चांगलं मुरलेलं होतं आणि ते बनवणारी कंपनी त्याला अजून बरीच वर्षं सांभाळणार होती. घोडं अडलं ते एडिशनवर, म्हणजे छोटी स्टँडर्ड घ्यायची की मोठी एंटरप्राइज, यावर. स्टँडर्डमध्ये जागा भरपूर होती. पण काकांनी उत्कर्षला छाती फुगवून दोन शाखा सांगितल्या होत्या, अणदूर आणि नळदुर्ग. दोन्ही दुकानं एकाच वेळी एकाच डेटावर अखंड चालवायची, तर ते काम एंटरप्राइजचंच.

तिकडं रोज बिलं किती होतात ते विचारावं म्हणून रविवारी तिनं नळदुर्गच्या दुकानात फोन लावला. फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. मग तिनं कपाळावर हात मारला आणि एकटीच हसत सुटली. देव तर अणदुरात होता.

खंडोबाची मूर्ती एकच. वर्षातले बरेच महिने अणदुरात, थोडे नळदुर्गात. काकांच्या वडिलांनी दुकानालाही तीच रीत लावून दिली होती. देव निघाला की तराजू, माणसं, कॉम्प्युटर सगळं टेम्पोत, आणि मागच्या दुकानाला कुलूप. पाट्या दोन, दुकान एक. जन्मापासून हे बघत आलेल्या निकितानंही कागदावरच्या दोन शाखा निमूटपणे खऱ्या मानल्या होत्या.

सोमवारी व्हिडिओ कॉलवर तिनं हे सांगितलं, तेव्हा उत्कर्षनं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"म्हणजे दोन्हीकडं एकदम कधीच चालू नसतं?"

"कधीच नाही. सर्व्हर देवाच्या मागोमाग जातो."

तो मोकळेपणानं हसला. "मग स्टँडर्ड पुरे. एंटरप्राइज विकली, तर तुमचा देव मला जाब विचारेल."

काकांचं तोंड उतरलं. "म्हंजी आमी ल्हान ठरलो व्हय?"

"काका, खंडोबानं कधी दुसरी मूर्ती मागितली का? त्याचं एकीवर भागतंय, आपलंबी भागंल," निकितानं समजावलं.

काकांना हसू आवरेना. तरी शंका होतीच. "पर हलवताना बिघडलं तर?"

"तर उत्कर्षसरांना बोलवा. मी पुण्याला जाते," निकिता म्हणाली. बोलून गेली आणि मग घाबरली.

देव नळदुर्गात पोचला, त्याच्या दुसऱ्या दिवशी नवी स्टँडर्ड बसवलेला सर्व्हर निघाला. गोधडीत गुंडाळून निकितानं तो मांडीवर घेतला होता, आणि काका ड्रायव्हरला प्रत्येक खड्डा आधीच दाखवत होते. दुकानात तिनं वायरी जोडल्या, बटण दाबलं. काका हात जोडून उभे.

पडदा उजळला. पहिल्या गिऱ्हाइकानं अर्धा किलो पेढे मागितले आणि बिल सरसर बाहेर आलं. निकिताला इतका आनंद झाला की डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचलं नाही.

काकांनी तिथूनच फोन लावला. "उत्कर्षसाहेब, चालू झालं बरं का. आन् ऐका, पुन्यात कुनाला कॉम्प्युटरचं चांगलं मानूस पायजे असंल तर दुसरं हुडका म्हनावं. आमची निकिता मिळनार न्हाय."