दोन दगडांमधली वाट

मित्रांनो, मी एक काळी, उंच, दांड्याची सायकल आहे. वय विचारू नका. एवढं मात्र खरं, की एका जागी उभं राहणं मला आजवर जमलेलं नाही. बाकीच्या सायकली भिंतीला टेकल्या की डुलकी काढतात. मी मात्र वाऱ्याची झुळूक आली तरी पायडल हलवून बघते. कोणी आलं का? निघायचं का? आतासुद्धा करडी गावात टिकारामजींच्या गोठ्याबाहेर उभी राहून तुमच्याशी बोलतेय, पण सगळं लक्ष रस्त्याकडे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते भंडाऱ्याचं दुकान, आणि तिथून मला घरी आणणारे तरणेबांड टिकारामजी. ते गावच्या तलावाचं पाणी सोडतात. धानाच्या कोणत्या बांधीला, म्हणजे शेताच्या तुकड्याला, कधी आणि किती वेळ पाणी द्यायचं, हे त्यांच्या हाती. पस्तीस वर्षं त्यांनी हे काम माझ्यावर बसून केलं. पाण्याच्या पाळीत एका मिनिटाचा फरक नाही, ना सोयऱ्याला जास्त ना वैऱ्याला कमी. गाव त्यांना मान देई, आणि त्यांच्याखाली असल्यामुळे थोडा मलाही मिळे.

मग चार वर्षांपूर्वी गावातल्या पुंडलिकरावांची म्हैस आडवी आली आणि माझ्या पुढच्या चाकाचा पापड झाला. दुरुस्तीवाल्या मोनूकडे अठ्ठावीसचं चाक नव्हतं. त्यानं कुठल्याशा लहान सायकलीचं सव्वीसचं चाक काढून मला बसवलं.

"काका, हे लहान हाय बरं का. काही दिवस चालवा, मग बदलून देतो."

टिकारामजींचं सगळं ध्यान खालच्या बांधीत तुंबलेल्या पाण्याकडे. "हो, हो," म्हणाले आणि निघाले. ते 'काही दिवस' अजून संपलेले नाहीत. पुढचा ब्रेक चाकाला टेकेना, तो नुसता शोभेचा उरला. मी नाक खाली घालून चालू लागले आणि सगळ्यांना त्याची सवय झाली.

त्याच सुमारास अंजू माझ्या आयुष्यात आली. अंजू ही टिकारामजींच्या धाकट्या भावाची मुलगी. त्यांना स्वतःचं मूलबाळ नाही, म्हणून तिच्यावर जीव जरा जास्तच. एकदा ते जेवणाचा डबा घरी विसरले. आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोचलो असू, तेवढ्यात मागून पावलं वाजली. अंजू डबा घेऊन धावत आली, आम्हाला गाठलं, आणि मित्रांनो, थांबण्याऐवजी पुढे निघून गेली! पाणी सोडायच्या गेटपाशी डबा ठेवून हसत उभी राहिली. मला पायी चालणाऱ्यानं मागे टाकलं, असं पहिल्यांदाच घडलं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या पोरीवर माझा जीवही जडला. माझ्यासारखीच तीही, एका जागी उभी राहू न शकणारी.

टिकारामजींनी कुठून तरी एक स्टॉपवॉच मिळवलं आणि दोरीनं गळ्यात अडकवलं. त्यांना पाणी मोजता येत होतं, आता ते वाट मोजायला बसले. माझ्या चाकाच्या एका फेऱ्याला सव्वासात फूट जातात, हे त्यांना जुन्या दिवसांपासून तोंडपाठ होतं. अंजूला पाच हजार मीटर धावायला शिकवायचं, तर त्याचे फेरे झाले दोन हजार दोनशे त्रेसष्ट. त्यांनी पुढच्या चाकाच्या तारेला लाल चिंधी बांधली आणि मला ढकलत निघाले. अंजू बाजूनं चालत फेरे मोजत होती. गेटपासून पाळीवरून, मग नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठानं. जिथं मोजणी संपली तिथं त्यांनी एक मोठा दगड रोवला.

मला माहीत होतं, माझ्या त्या चाकाला सव्वासात नाही, पावणेसात फूटच जातात. मी कुरकुरले. हँडल वाकडं केलं. दोनदा रस्ता सोडून गवतात शिरले. टिकारामजी म्हणाले, "म्हातारी कुरकूर करून राहिली," आणि त्यांनी मला तेल घातलं.

तेव्हापासून रोज पहाटे अंजू धावायची आणि मी तिच्या बाजूनं. मला अख्ख्या जन्मात त्या दिवसांइतकं सुख लाभलं नाही, आणि त्या दिवसांइतकी हुरहूरही नाही. तिची वेळ कमी होत होत सतरा मिनिटं पाच सेकंदांवर आली. तिकडे भंडाऱ्यात निवड चाचणी जाहीर झाली. पाच हजार मीटर साडेसतरा मिनिटांच्या आत धावणाऱ्या मुलींना नागपूरच्या प्रशिक्षण केंद्रात राहून शिकायला मिळणार होतं. अंजूला दुसरं काहीच नको होतं. "पोरगी गेलीच समजा," असं गाव म्हणू लागलं.

चाचणीच्या दिवशी अंजू एस.टी.नं गेली आणि टिकारामजी माझ्यावर बसून. एवढ्या लांब मी किती वर्षांनी गेले! मैदानाच्या तारेच्या कुंपणाला टेकून मी सगळं पाहिलं. अंजू घरच्यासारखीच धावत होती, अगदी तोलून मापून. शेवटच्या फेरीची घंटा वाजली. तिनं पन्नासेक मीटर जोर लावला आणि तिचे पाय बसले. हो मित्रांनो, घरचा दगड एवढ्याच अंतरावर येत असे. डोक्याला ठाऊक होतं की एवढी फेरी बाकी आहे, पण पायांनी रोजच्या जागी काम संपवलं. बाकीचं अंतर ती पाय ओढत गेली. अठरा मिनिटं बत्तीस सेकंद.

गाव मान द्यायला वेळ लावतं, काढून घ्यायला नाही. चहाच्या टपरीवर पुंडलिकराव म्हणाले, "पाण्यात मिनिट चोरत नाई म्हनते, पोरीच्या टायमात तं चोरलंच ना!" लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या पाळीलासुद्धा लोक आपापलं घड्याळ घेऊन उभे राहू लागले.

ते टिकारामजींनी सोसलं असतं. पण एका संध्याकाळी अंजू गोठ्यापाशी आली.

"मोठेबाबा, खरं सांगा. मले बरं वाटावं म्हणून टायम कमी सांगत होते का तुमी?"

"मले काईच समजून नाई राहिलं, बाई," टिकारामजी एवढंच म्हणाले. मग गळ्यातलं स्टॉपवॉच काढून खुंटीला अडकवलं.

अंजूनं धावणं सोडलं. टिकारामजी पायी तलावावर जाऊ लागले. माझ्यावर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, भारा आला, कोंबड्या बसू लागल्या, पुढच्या टायरची हवा गेली. अपराध माझा आणि शिक्षा त्या दोघांना! आत नुसती तगमग होत होती, आणि माझ्याकडे तोंड म्हणावं तर एक घंटी. तीही वाजवायला कोणाचा तरी अंगठा लागतो.

दीड महिन्यानं टिकारामजींच्या बायकोचा, आनंदाबाईंचा संयम सुटला. त्यांनी भारा उचलून फेकला आणि अंजूला हाक मारली.

"दोघंबी तोंड पाडून बसले हाय. मानसं दुरुस्त होत नाई तं नाई, सायकल तरी दुरुस्त करून आन!"

अंजू मला ढकलत मोनूच्या दुकानात घेऊन गेली.

"मोनूभाऊ, पुढच्या चाकात अठ्ठावीसची ट्यूब टाका."

"अठ्ठावीसची कायले वो? हे चाक सव्वीसचं हाय. मीच तं टाकलं होतं म्हशीनं ठोकलं तवा. काकाले सांगतलंबी होतं."

अंजूचा हात माझ्या सीटवर होता. तो घट्ट झाला.

"दोरी हाय का?"

तिनं आधी मागच्या चाकाला दोरी गुंडाळली, मग पुढच्या. दोन्ही मापं जमिनीवर शेजारी पसरली. अर्ध्या फुटाचा फरक. मोनूच्या मोबाइलवर तिनं त्याला दोन हजार दोनशे त्रेसष्ट फेऱ्यांनी गुणलं: अकराशे एकतीस फूट. म्हणजे तीनशे पंचेचाळीस मीटर वाट कमी.

ट्यूब बसवून होईपर्यंत ती दुकानासमोर येरझाऱ्या घालत होती. मग लाल चिंधी माझ्या मागच्या, खऱ्या चाकाला बांधून ती मला घेऊन तलावावर आली आणि मोठ्यानं मोजत निघाली. एकवीसशे सातव्या फेऱ्यालाच जुना दगड आला. ती थांबली नाही. आणखी एकशे छप्पन्न फेरे, पार पळसाच्या झाडापर्यंत. पाणी बघायला आलेले टिकारामजी नहराच्या काठावर उभे राहून हे पाहत होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं, तसे ते माझ्या पुढच्या चाकापाशी बसले.

"पस्तीस वर्षं पाणी मोजलं," ते म्हणाले, "अन् आपल्या पोरीची वाट नाई मोजता आली मले."

"वाट लहान होती, मोठेबाबा. त्या दिवशी मी हळू नाई झाली, अन् तुमी खोटे नाई. मीच तुमाले वाकडं बोलली." ती त्यांच्यापाशी बसली. "उद्या घड्याळ घेऊन येता ना?"

"सायकल आनतो. घड्याळ माह्या हाती नको देऊ."

त्यांनी पळसाखाली नवा दगड रोवला आणि जुना उपटायला गेले, तर अंजूनं त्यांचा हात धरला. "राहू द्या तो. एवढ्याच अंतरावर माहे पाय बसले होते. इथूनच पुढं निघायचं शिकीन मी."

वर्षभर ती त्या दोन दगडांच्या मधे झगडली. पहिल्या दिवशी अठरा एकवीस. जुना दगड आला की तिचा चेहरा पिळवटायचा, आणि मी बाजूनं खडखडत राहायचे. स्टॉपवॉच माझ्या हँडलला लटकलेलं असे. टिकारामजी त्याच्याकडे चुकूनही बघत नसत. गावानं चाकाची गोष्ट ऐकली, थोडं हसलं, पण टिकारामजींच्या मनातली सल गेली नाही. त्यांना माझं चाक बदलायचं सुचवलं तर ते नको म्हणाले. "राहू दे, ध्यानात राहते."

यंदा पुन्हा भंडाऱ्याचं तेच मैदान, तीच तार. धावण्याआधी अंजू आमच्याकडे आली, माझ्या हँडलचं स्टॉपवॉच काढलं आणि टिकारामजींच्या गळ्यात घातलं. ते नको नको म्हणेपर्यंत ती रेषेवर जाऊन उभी राहिली.

घंटा वाजली, शेवटची फेरी. ती जागा आली. माझी एकेक तार ताठ झाली. अंजूचा चेहरा पिळवटला, आणि तिनं मुठी आवळून वेग वाढवला. बाकी मला नीट दिसलं नाही, कारण टिकारामजी तारेला धरून थरथरत होते आणि त्यांच्यासोबत मीही.

शेवटच्या रेषेवर चाचणी घेणारे साहेब वेळ ओरडून सांगत होते. ती तिथं थांबलीच नाही. धापा टाकत सरळ तारेपाशी आली.

"मोठेबाबा, तुमच्या घड्याळात किती?"

त्यांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, पुसलं, पुन्हा पाहिलं. "सतरा सव्वीस."

"मग बरोबर हाय," अंजू म्हणाली. साहेबांनीही तेवढंच लिहिलं होतं, पण ते तिनं नंतर विचारलं. टिकारामजी माझ्या सीटवर डोकं टेकवून रडले आणि मी एकदाची, जन्मात पहिल्यांदा, स्वस्थ उभी राहिले.

अंजू आता नागपूरला असते. मी पुन्हा रस्त्याकडे बघत, पायडल हलवत. मित्रांनो, सायकलीत हवा भरा, तिला पावसात ठेवू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी थोडं वेगळं मागते. तुमच्यासाठी जे मोजतं, तेही अधूनमधून मोजून बघा. चूक निघालीच, तर माणसाला नावं ठेवण्याआधी दगड पुढे सरकवा. आणि घरातली एखादी जुनी वस्तू कुरकुरायला लागली, तर तेलाची बाटली उचलण्याआधी एकदा खाली वाकून तिच्या चाकाकडे पाहा. ती बिचारी केव्हाची काहीतरी सांगत असेल.