लाइनीतला बल्ब

मिस्त्रीचे कान वरून गेले होते. ठार बहिरा नव्हता हो. शेजारचं नवराबायकोचं भांडण त्याला शब्दन्‌शब्द ऐकू यायचं, कधी कधी नको तेवढं. पण बारीक, टोकदार आवाज तेवढे गेले. किल्ल्यांचा खुळखुळ नाही, चिमण्यांची चिवचिव नाही. आणि धंदा काय, तर जुने स्पीकर दुरुस्त करायचा! आंधळ्यानं रंगाचं दुकान काढावं, तसली गत.

तरी दुकान चालायचं, कारण मिस्त्रीण होती. स्पीकर तयार झाला की मिस्त्री त्याला शिट्टीची पेटी जोडायचा आणि बटण फिरवायचा, की शिट्टी बारीक, आणखी बारीक होत जायची. मिस्त्रीण समोर स्टुलावर भाजी निवडत म्हणायची, "आहे... आहे... आहे... गेला." गेला म्हणाली की हा खडूनं खूण करायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई भाजी निवडतेय. ती निवडायची नवऱ्याची भाकरी.

सकाळच्या चहालाही तेच. हा विचारायचा, "आल्या का गं चिमण्या?" ती खिडकीकडे बघून म्हणायची, "आल्यात की. भांडतायत मेल्या." मग ह्याचा चहा गोड व्हायचा.

दुकानाचा एक नियम होता. ट्वीटर, म्हणजे स्पीकरातला तो वरचा चिमुकला, बारीक आवाजाचा, तपासायचा तर तारेच्या मध्ये बॅटरीतला बल्ब लावूनच. त्या चिमुकल्याच्या पोटात केसाएवढी तार असते. वीज जास्त झाली तर ओरडत नाही, रडत नाही, जळून मोकळी होते. बल्ब असला की जास्तीचा मार तो खातो, थोरल्या भावासारखा. हा बल्ब टेबलाच्या कडेला, बरोबर स्टुलासमोर लोंबायचा. शिट्टी चालू असली की त्यात मिणमिण उजेड असायचा.

तर एक दिवस एक बाई आल्या, हातगाडीवर स्पीकरांची जोडी घेऊन. आयुष्यभर मुलांना गाणं शिकवलेल्या. डोळे गेलेले. हातानं टेबल चाचपून म्हणाल्या, "मिस्त्री, हे माझ्या भावाचे. तो गेला, हे राहिले. मला दिसत नाही, तेव्हा माझं घर म्हणजे आता हेच."

मिस्त्रीनं उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मोठ्या स्पीकरांच्या कडांचा फोम भुगा होऊन खाली सांडलेला. आतले कंडेन्सर वाळून कामातून गेलेले. एका ट्वीटरचा रेशमी घुमट कुणा पोरानं बोटानं आत दाबलेला. आणि असले ट्वीटर आता मिळत नाहीत, करणारा कारखानाच राहिला नाही.

"होतील," मिस्त्री म्हणाला. "पण बाई, वेळ लागेल."

"लागू दे. फक्त आत तुमचं नवं काही घालू नका. कान माझे अजून शाबूत आहेत, कळेल मला."

त्यानं जीव ओतला त्या जोडीत. कडा नव्या चिकटवल्या, सारख्या केल्या, रात्रभर वजनाखाली ठेवल्या. कंडेन्सर वाळले त्याला इलाज नव्हता, तेवढे बदलले. दबलेला घुमट चिकटपट्टीनं हळूच ओढून वर आणला. काम चालू असताना कुणाचं बोट लागू नये म्हणून ट्वीटरवर चहाची गाळणी उपडी घातली.

"दोन गाळण्या गेल्या घरातल्या," मिस्त्रीण म्हणाली. "आता चहा काय तुमच्या मोज्यातून गाळू?"

"गाळ. चव येईल."

बल्ब लावून दोन्ही ट्वीटर तपासले. मिस्त्रीण म्हणाली, "आहे... आहे... गेला." झालं. पण बाई न्यायला येणार, त्या सकाळी मिस्त्रीच्या डोक्यात किडा वळवळला.

"एकदा बल्ब काढून बघतो. बल्बानं आवाज दबतो. त्या बाईंचे कान सुरीसारखे आहेत."

मिस्त्रीणीचा हात भाजीत थांबला. "असू द्या की. काय चावतोय का तुम्हाला?"

"अगं, शेवटचं एकदा."

"नियम तुमचाच ना?"

"माझाच. म्हणून मीच मोडतो." त्यानं बल्ब काढला आणि तारा सरळ जोडल्या. बटण फिरवलं. "आहे?"

तिनं भाजीचं ताट मांडीवरून खाली ठेवलं.

"आहे का गं?"

"नाही येत," ती म्हणाली. तोंड उतरलेलं. मिस्त्रीला वाटलं, आवाजच कमी आहे. त्यानं वाढवला. "आता?"

"नाही."

"आणखी वाढवू?"

तिनं नुसत्या रिकाम्या तारेकडे पाहिलं. मग म्हणाली, "वाढवा."

त्यानं वाढवला. दारात रोज झोपणारं कुत्रं ताडकन उठलं, कान मागे टाकून, शेपूट घालून पळत सुटलं. मिस्त्रीनं ते पाहिलं. पाहिलं, आणि हात बटणाकडे जाईपर्यंत वास आला. वार्निश करपल्याचा. नाकं दोघांचीही शाबूत होती.

त्यानं गाळणी उचलली. घुमट तसाच, चकचकीत. मीटर लावला. काटा हलला नाही. मेलेला.

मिस्त्रीनं मीटर बाजूला ठेवला आणि काढलेल्या बल्बाकडे पाहिलं. मग मिस्त्री म्हणाला, "बल्ब बघून सांगत होतीस."

"उजेड असला की आहे म्हणायचे. 'गेला' हे तुमच्या बटणाकडे बघून."

"कधीपासून?"

"ते झाड तोडलं ना समोरचं, तेव्हापासून. मला वाटलं, झाड गेलं म्हणून चिमण्या गप्प झाल्या. मग खिडकीत पाहिलं तर बसलेल्या. चोची हलत होत्या नुसत्या."

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? दुकान बंद करा म्हणून?" ती उसळली. "तुमचे कान मी होते. माझे गेले म्हटल्यावर तुम्ही काय करणार होतात, फोमचा भुगा झाडत बसणार होतात?"

मिस्त्रीनं मेलेल्या ट्वीटरवर गाळणी परत उपडी घातली.

थोड्या वेळानं ती हळू म्हणाली, "शेल्फावर दुसरा पडलाय, तसाच दिसतो. तोच बसवा."

"त्यांना दिसत नाही. दिसण्याचा काय उपयोग?"

बाई आल्या. मिस्त्रीनं त्यांना खुर्ची दिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. स्वतःचे कान, बायकोचे कान, बल्ब, कुत्रं. बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "लावा."

त्यानं रेकॉर्ड लावली. बाई आधी उजव्या स्पीकरजवळ बसल्या, मग डाव्याजवळ. डाव्याच्या जाळीवर त्यांनी तळहात ठेवला, कुणाचा ताप बघावा तसा.

"ह्या बाजूनं तो बोबडा झालाय," त्या म्हणाल्या. "दुसरा कुणी नीट करील?"

"नाही बाई. तार मिळत नाही, माप मिळत नाही. मी खोटं बोलणार नाही."

"आधी बोलत होतात ना?"

मिस्त्रीण पदरानं तोंड दाबून आत गेली. हातगाडीवाल्यानं जोडी उचलली. बाईंनी गाडीच्या कडेला धरलं आणि स्पीकरांबरोबर चालत गेल्या.

मिस्त्रीनं त्याच दिवशी दारावरची पाटी उतरवली. शिट्टीची पेटी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. काढलेला बल्ब मात्र टेबलाच्या कडेला तसाच पडून राहिला, उचलायचा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. तो खिडकीकडे पाठ करून बसला होता. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आल्या का गं?"

मिस्त्रीणीनं वळून पाहिलं.

"दिसतात," ती म्हणाली.